टेबलाच्या पलीकडे बसणारी आपली मुले

(पानिपत येथे मराठी कामगार कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संक्रांतीच्या दिवसांत पानिपतला आलेल्या मराठी माणसाने भाषणाची सुरुवात कोठून करावी हे त्याला सांगावे लागत नाही. आपण सर्वजण काला अंबला डोके टेकवून आलो आहोत. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पण युनियनच्या माणसाला १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत तोफांपेक्षा रसद जास्त दिसते. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीकडे येणारे धान्य तुटले. उपाशी माणसे आणि उपाशी घोडे घेऊन भाऊसाहेबांना रणात उतरावे लागले. माणसे शूर असून भागत नाही. त्यांची भाकरी, त्यांचा पगार, त्यांची विश्रांती वेळेवर पाहणारे कोणी असावे लागते. आज ज्या विषयावर बोलायला मला उभे केले आहे, त्या विषयाचे मूळ काम हेच आहे.

विषय आहे मनुष्यबळ व्यवस्थापनाचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण. मी मॅट्रिक झालेला माणूस. पदवीच्या विषयावर मॅट्रिकवाल्याने बोलावे काय, असे कोणाच्या मनात आले तर त्यात गैर नाही. पण या विषयाची परीक्षा आम्ही दर महिन्याला देत आलो आहोत. ड्यूटी रोस्टर, ज्येष्ठता यादी, बढती, बदली, चार्जशीट, अनुकंपा नेमणूक, हाच आमचा अभ्यासक्रम. फरक एवढाच की आमचा पेपर दुसऱ्या बाजूने तपासला जातो.

गेल्या काही वर्षांत युनियनच्या कचेरीत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. सभासद येतो, इकडचे तिकडचे बोलतो आणि उठताना हळूच म्हणतो, "सेक्रेटरीसाहेब, मुलगी एच. आर. मध्ये एम. बी. ए. करायचे म्हणते. आपण जन्मभर ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याच खुर्चीत ती जाऊन बसणार. काय सांगू तिला?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्याचा नाही. त्यात बापाचा अभिमान आहे आणि कामगाराची भीतीही आहे. माझे उत्तर आहे, तिला जरूर शिकू द्या. मात्र हा विषय कोणाच्या घामातून उभा राहिला हे तिला घरातून कळले पाहिजे, कारण कॉलेजच्या पुस्तकात ते दोन ओळींत उरकलेले असते.

मुलांची पुस्तके मी अधूनमधून चाळतो. पहिल्या प्रकरणात अमेरिकेतला टेलर येतो. त्याचे शास्त्रीय व्यवस्थापनाचे पुस्तक १९११ चे. मग शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले १९२४ ते १९३२ या काळातले प्रयोग येतात. दिवे मंद केले, प्रखर केले, विश्रांतीच्या वेळा बदलल्या आणि कामगार किती माल काढतात ते मोजले. मुलांनी हे वाचावे, त्यात शिकण्यासारखे आहे. पण नेमक्या त्याच काळात आमच्या मुंबईच्या गिरणगावात काय चालले होते? १९२८ साली कापड गिरण्यांतील कामगार सुमारे सहा महिने संपावर होते. मालकांनी 'रॅशनलायझेशन'च्या नावाखाली कमी माणसांकडून जास्त माग आणि जास्त चात्या चालवून घ्यायचे ठरवले होते. शिकागोत कामगाराकडे पाहून वही भरली गेली. मुंबईत कामगाराने स्वतः उत्तर दिले. माझ्या मते आपल्या मुलांच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण गिरणगावाचे असायला हवे.

त्या काळी गिरणीत माणूस कसा भरती होत असे? जॉबर ठरवील तसा. भरती त्याच्या हाती, रजा त्याच्या हाती, कामावरून काढणेही त्याच्याच हाती. नोकरी लावायला तो पैसे घेई, गरज पडली तर कर्जही तोच देई. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. साहेबाला कामगाराचे नावही ठाऊक नसे. म्हणजे आज ज्याला आपण एच. आर. खाते म्हणतो, ते सगळे खाते एका माणसाच्या खिशात होते.

या अंधारात पहिला दिवा लावणारे नारायण मेघाजी लोखंडे. तेही मॅट्रिक झालेले. सुरुवातीची नोकरी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि पुढे मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. महात्मा फुल्यांचे ते सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवले. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरलेल्या तारखेला, जखमी कामगाराला भरपाई, अशा साध्या मागण्या होत्या. १० जून १८९० ला रविवारची सुटी मान्य झाली. आज एच. आर. च्या वर्गात ज्याला 'कामाच्या अटी' म्हणतात त्याचा हा आपल्याकडचा पहिला धडा. मुंबईत परळला कामगारविषयक शिक्षण देणारी जी सरकारी संस्था आहे, तिला लोखंड्यांचे नाव आहे. ज्या मुलांना या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे त्यांनी त्या संस्थेची माहिती अवश्य काढावी.

पुढे १९२९ साली सरकारने रॉयल कमिशन नेमले. व्हिटले कमिशन म्हणून ते ओळखले जाते. त्यावर कामगारांच्या बाजूने ना. म. जोशी होते, आपल्या कुलाबा जिल्ह्यातले. १९३१ च्या अहवालात कमिशनने सांगितले की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा आणि त्यासाठी कारखान्यांत स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा. १९३४ साली मुंबई प्रांतात औद्योगिक तंट्यांच्या समेटाचा कायदा झाला आणि कामगारांची गाऱ्हाणी मांडायला सरकारी लेबर ऑफिसर आला. या साहेबांना शिकवायचे कोणी? १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ ची, आणि तिच्या मूळ नावातच 'लेबर रिलेशन्स' हे शब्द आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले आणि शिकलेल्या मुलांना नोकरीचे दार उघडले.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की या खुर्च्या मालकांनी आपखुशीने मांडलेल्या नाहीत. संप झाले, कमिशने बसली, कायदे झाले, तेव्हा त्या खुर्च्या आल्या. आपल्या मुलीला उद्या जी खुर्ची मिळेल तिचा एक पाय गिरणी कामगाराने घडवलेला आहे.

आणखी एक धडा रेल्वेचा आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दलित कामगार वर्षानुवर्षे गँगमन म्हणून राबतो, त्याला बढती का नाही, हा प्रश्न त्यांनी तेथे मांडला. पोर्टरचे काम सुद्धा त्याला मिळत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे आणि घरात अस्पृश्य चालत नसे. भरती आणि बढती यांच्या तळाशी काय दडलेले असते, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावे? एच. आर. च्या वर्गात आज विविधता आणि समावेश या विषयावर पाने भरून लिहितात. मुलांनी त्या पानांशेजारी मनमाडची परिषद ठेवून वाचावी. बाबासाहेब पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि कामगार, मालक व सरकार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या काळात सुरू झाल्या.

मित्रहो, या विषयाच्या दारावरची पाटी अनेकदा बदलली आहे. प्रथम पाटी होती 'श्रम कल्याण'. मग आले 'कर्मचारी व्यवस्थापन आणि औद्योगिक संबंध'. १९७५ च्या सुमारास अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांच्या मदतीने लार्सन अँड टुब्रो कंपनीत 'मनुष्यबळ विकास' विभाग उभा राहिला आणि ती पाटी देशभर पसरली. १९८५ साली तर केंद्र सरकारने शिक्षण खात्यालाच मनुष्यबळ विकास मंत्रालय करून टाकले. २०२० साली सरकारने ते नाव काढले आणि पुन्हा 'शिक्षण' लावले. शाळेतले पोर म्हणजे केवळ मनुष्यबळ नव्हे हे सरकारला पस्तीस वर्षांनी पटले. कारखान्यात मात्र माणूस अजून 'रिसोर्स'च आहे. कोळसा, पाणी, वीज आणि माणूस, सगळे एका तक्त्यात.

पाटी बदलली याचे दुःख नाही. पाटीबरोबर आतले सामानही बदलले, याची काळजी आहे. जिथे पूर्वी औद्योगिक संबंध हे विषयाचे मुख्य अंग होते, तिथे बऱ्याच कॉलेजांत आता कामगार कायद्याचा एखादा पेपर उरला आहे. बाकी वेळ मुलाखत कशी घ्यावी, कामगिरीचे मूल्यमापन कसे करावे, संगणकावर आकडेवारी कशी मांडावी, यात जातो. तेही शिकावे. पण ज्या मुलाने हजेरीपट पाहिला नाही, प्रॉव्हिडंट फंडाचे चलन वाचले नाही, युनियनच्या माणसाशी एकदाही समोरासमोर बोलला नाही, त्याला पदवी मिळते आणि थेट दोन हजार माणसांच्या कारखान्यात नेमणूक मिळते. हे म्हणजे सिग्नल न ओळखणाऱ्याच्या हाती इंजिन देणे झाले.

अभ्यास केला तर काय होते, त्याचे एक उदाहरण आमच्या खात्यातले सांगतो. विभागाचे नाव सांगत नाही, कारण दोष कोणा एकाचा नव्हता.

एच. आर. च्या पुस्तकात 'जॉब अॅनालिसिस' नावाचे प्रकरण असते. कामाचे पृथक्करण. परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. रेल्वेत त्या प्रकरणावर माणसाचे आयुष्य ठरते. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १३० व्या कलमाप्रमाणे काही कामे 'कंटिन्युअस' म्हणजे सलग आणि काही 'इसेन्शियली इंटरमिटंट' म्हणजे मुळातच खंडित धरली जातात. बारा तासांच्या ड्यूटीत निम्मा किंवा अधिक वेळ माणूस मोकळा असेल, त्यात एक तासाचा एक तरी किंवा अर्ध्या तासाचे दोन तरी सलग तुकडे असतील, आणि त्या वेळात त्याला अंगमेहनत किंवा सतत लक्ष द्यावे लागत नसेल, तर काम खंडित. हे सलग ७२ तासांच्या सरासरीवर ठरते. काम सलग ठरले तर गेटवर तीन गेटमन, प्रत्येकी आठ तास. खंडित ठरले तर दोन गेटमन, प्रत्येकी बारा तास. एका शब्दाने माणसाच्या रोजच्या आयुष्यातले चार तास जातात.

आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात एक फाटक होते. तिथले पृथक्करण झाले ऐन पावसाळ्यात. साखर कारखाना बंद, शेतात चिखल, रस्त्यावर बैलगाडी नाही की ट्रॅक्टर नाही. कागदावर गेटमन निवांत. काम खंडित ठरले. नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला आणि फाटकापुढे उसाच्या गाड्यांची रांग लागली. दोन माणसे बारा-बारा तास तो भार ओढत होती. गाडी आली की स्टेशनमास्तरचा फोन, प्रायव्हेट नंबर घ्यायचा, तो वहीत लिहायचा, फाटक लावायचे, हिरवी झेंडी घेऊन उभे राहायचे, आणि तोवर ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या ऐकायच्या.

आम्ही आधी नेहमीप्रमाणे निवेदन दिले, त्याचे काही झाले नाही. मग आमच्या शाखेतल्या एका तरुण सभासदाने कायद्याचे कलम शब्द न शब्द वाचले. त्याने गेटची जुनी नोंदवही काढली, हंगामातल्या आणि पावसाळ्यातल्या प्रायव्हेट नंबरांची तारीखवार मोजणी केली, आणि एक मुद्दा काढला जो आम्हा जुन्यांच्या तोंडी होता पण कागदावर आला नव्हता. फोनची वाट पाहत बसलेला गेटमन रिकामा नसतो. त्याचे लक्ष फोनवर असते, आणि कायद्यात 'सतत लक्ष' हे शब्द आहेत. हा मुद्दा आम्ही पी. एन. एम. च्या बैठकीत ठेवला. पी. एन. एम. म्हणजे रेल्वेतील कायम वाटाघाट यंत्रणा, १९५२ पासून चालू असलेली. समोर कर्मचारी विभागाचा एक नवा अधिकारी होता. कॉलेजात हाच विषय शिकून आलेला. त्याने कलम वाचले, आमचा तक्ता वाचला आणि म्हणाला, हंगामात पुन्हा मोजू, युनियनचा माणूस शेजारी बसवून मोजू. तसे झाले. काम सलग ठरले आणि तिसरा गेटमन आला.

यात घोषणा झाली नाही, घेराव झाला नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस अभ्यास केलेला होता, म्हणून दोन गेटमनांना रात्रीची झोप मिळाली. बापाच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. तुमची मुलगी टेबलाच्या पलीकडे बसली म्हणून ती आपली राहणार नाही असे नाही. ती कलम पूर्ण वाचते की अर्धे, यावर ते ठरेल.

या कामाच्या तासांना इतिहास आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कामाच्या तासांचा पहिला ठराव केला. आपल्या रेल्वेत न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा निवाडा १९४७ सालचा. पुढे १९६९ साली न्यायमूर्ती मियांभॉय यांचे न्यायाधिकरण नेमले गेले. मे १९७४ च्या देशव्यापी संपात कामाच्या तासांची मागणी होतीच. आणि इंजिन चालवणारे आमचे भाऊ आजही तासांसाठी भांडत आहेत. मुलांनी हे सर्व वाचले तर त्यांना कळेल की 'रोस्टर' हा संगणकावर ओढायचा तक्ता नाही.

आता जवळची गोष्ट. पानिपतहून दिल्ली ओलांडून पुढे गेले की मानेसर लागते. तिथल्या मारुती सुझुकीच्या कारखान्यात आदल्या वर्षभर संप आणि तंटे चालू होते. कायम आणि कंत्राटी कामगारांच्या पगारातली दरी सर्वांना दिसत होती. १८ जुलै २०१२ ला हिंसाचार झाला, आग लागली आणि त्यात कारखान्याचे मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक मृत्युमुखी पडले. शेकडो कामगारांची नोकरी गेली. मार्च २०१७ मध्ये गुरुग्रामच्या न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यातल्या १३ जणांना जन्मठेप झाली आणि ११७ जण निर्दोष सुटले. त्या निर्दोष माणसांपैकी अनेकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. त्या अधिकाऱ्याच्या घरावर जे कोसळले तेही तितकेच मोठे. मी कामगाराच्या बाजूचा माणूस आहे, पण माणसाचा जीव जाणे याला कोणत्याही बाजूने लढा म्हणता येत नाही. जिथे गाऱ्हाणे सांगायचा रस्ता बंद होतो तिथे शेवटी दोन्हीकडची घरे जळतात. एच. आर. चे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलाने मानेसरचा अभ्यास करावा आणि तो फक्त बचाव पक्षाचा किंवा फक्त कंपनीचा कागद वाचून करू नये.

आणि हा अभ्यास आता नव्याने करावा लागणार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. २९ जुने कायदे त्यांत गेले. आपण ज्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यावर वाढलो तो गेला, १९४८ चा कारखाना कायदाही गेला. या संहितांबद्दल कामगार चळवळीत जे आक्षेप आहेत ते आपण सर्वजण जाणता. पूर्वी शंभर कामगार असलेल्या कारखान्याला कपात किंवा बंदीसाठी सरकारची परवानगी लागे, आता ती मर्यादा तीनशे आहे. स्थायी आदेशांचेही तेच. संपाची चौदा दिवसांची नोटीस आता सर्व उद्योगांना लागू आहे. ठरावीक मुदतीची नोकरी कायद्यात पक्की झाली. पण त्याच संहितांत काही दारेही आहेत. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, मालक आणि कामगार यांचे सभासद समसमान. मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आली.

एक्कावन्न टक्के सभासद असतील ती एकमेव वाटाघाटी करणारी संघटना, तेवढे कोणाकडे नसतील तर वीस टक्क्यांपुढच्या संघटनांची परिषद, असाही नियम आला आहे. आम्हा रेल्वेवाल्यांना गुप्त मतदानाने मान्यता मिळवण्याची सवय २००७ पासून आहे, पुढे २०१३ आणि २०२४ सालीही मतदान झाले. पण मान्यतेचा प्रश्न किती नाजूक आहे ते मुंबईला विचारा. १९८२ च्या गिरणी संपात कायद्याने मान्यता एका संघटनेला आणि अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे, अशी स्थिती झाली. कोण बरोबर, कोण चूक हा वाद आजही होतो. निष्पन्न मात्र सर्वांनी पाहिले, गिरणगाव उठले. उद्या आपली मुलगी एच. आर. अधिकारी झाली आणि तिच्या कारखान्यात हा प्रश्न आला, तर तिच्यापाशी १९८२ चा अभ्यास हवा.

आता या पानिपत गावाकडे पाहू. इथे रिफायनरी आहे, खत कारखाना आहे, रेल्वे जंक्शन आहे. यांच्याकडे कर्मचारी विभाग आहेत, फायली आहेत, साहेब आहेत. पण हे गाव जगाला ठाऊक आहे ते विणकामासाठी. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी इथला धंदा पुन्हा उभा केला. आज परदेशातले जुने कपडे इथे गठ्ठ्यांनी येतात, बायका ते रंगाप्रमाणे निवडतात, बटणे आणि चेन काढतात, मग यंत्रावर त्यांचे पुन्हा सूत होते आणि घोंगड्या विणल्या जातात. त्या कामात उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली कितीतरी माणसे आहेत. धुळीने छाती भरते. यांपैकी किती जणांना नेमणुकीचे पत्र मिळते? किती जणांना ठाऊक आहे की आपला एच. आर. अधिकारी कोण? त्यांच्यासाठी १९२९ चा जॉबर आजही हयात आहे. त्याचे नाव आता ठेकेदार आहे आणि त्याच्याकडे मोबाइल आहे. एच. आर. चा विद्यार्थी पानिपतमध्ये राहत असेल तर प्रोजेक्टसाठी त्याला लांब जायला नको. त्याने एका निवडखान्याच्या दारात आठवडाभर बसावे आणि कोणी कोणाला, कशाच्या आधारावर कामावर घेतले एवढेच लिहून काढावे. तो प्रोजेक्ट कोणत्याही परदेशी पुस्तकापेक्षा त्याला जास्त शिकवील.

विद्यार्थी मित्रांनो, मी उपदेश करणार नाही, कामाच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, घरी वडिलांची किंवा आईची पगारपत्रिका मागून घ्या आणि त्यावरच्या प्रत्येक ओळीचा अर्थ लावा. मूळ पगार, महागाई भत्ता, कपात, वर्गणी. संहितांनी पगाराची व्याख्या बदलली आहे, तिचा परिणाम त्या कागदावर शोधा. दुसरी, चार संहिता मूळ शब्दांत वाचा, गाइडमधून नको. तिसरी, प्रशिक्षणासाठी जिथे जाल तिथे कंत्राटी कामगारांच्या रांगेत एकदा उभे राहून पाहा, कँटीन आणि संडास एकच आहेत की वेगळे ते पाहा. चौथी, तक्रार निवारण समितीत बसायची वेळ आली तर पहिले वाक्य कामगाराला बोलू द्या. पैशाची अडचण असेल तर मुक्त विद्यापीठे आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण विद्यापीठ १९८९ चे, इग्नू १९८५ चे. नोकरी सांभाळून अनेकांनी तिथून पदव्या घेतल्या आहेत.

आणि युनियनच्या सहकाऱ्यांनो, हा अभ्यास फक्त मुलांनी करायचा नाही. कामगार शिक्षण मंडळ १९५८ पासून आहे, आता त्याला दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव आहे. इथून जवळ नोएडाला राष्ट्रीय श्रम संस्था आहे. तिला व्ही. व्ही. गिरी यांचे नाव आहे आणि गिरी हे आपल्याच रेल्वे कामगार चळवळीतून राष्ट्रपती भवनापर्यंत गेलेले गृहस्थ. तिथल्या शिबिरांना आपली माणसे पाठवा. प्रत्येक शाखेत एक तरी सभासद असा असावा की जो कलम पूर्ण वाचतो. आता समोर शिकलेला एच. आर. अधिकारी बसणार आहे. त्याच्यापुढे नुसता आवाज चढवून काम होणार नाही. ज्याचे जळते त्याला कळते हे खरे, पण जे कळते ते कागदावर मांडता आले पाहिजे.

शेवटी एवढेच सांगतो. मुलगी एच. आर. शिकते म्हणून बापाने मान खाली घालायचे कारण नाही. ती अधिकारी होईल, तिला मालकाचा पगार मिळेल, मालकाचे काही निर्णय तिला कामगारापर्यंत पोहोचवावे लागतील. तिने युनियनचे काम करावे अशी अपेक्षा आम्ही धरणार नाही. आमची मागणी लहान आहे. तिने मोजणी पावसाळ्यात करू नये, हंगामात करावी. आणि मोजताना शेजारी आमच्या माणसाला बसू द्यावे. पुढची वाटाघाट आम्ही आमच्या बळावर करू.

 कामगार एकजुटीचा विजय असो!